सनईवाल्याचा दात

"...पण पडेल का, बाबा? एवढंच सांगा."

उमाजी टेकडीवरच्या मठात आला तो तोंडात बोट घालूनच. वरचा पुढचा दात हलत होता. सनईला दम छातीचा लागतो, पण ओठांना मागून टेका दातांचाच. त्याच्या वडिलांचे दात चाळिशीत गेले आणि सनई पेटीत गेली ती गेलीच. उमाजीला आता एकोणचाळिसावं लागलं होतं.

केशवगिरी बाबांनी ऐंशी ओलांडली होती, आणि ते दातांनी ऊस सोलत होते.

डॉक्टरला दाखवलंस का, असं बाबांनी विचारलं. दाखवलं होतं. रक्तात साखर वाढली आहे, तिनं हिरड्या सुजतात, आणि सुजलेल्या हिरड्या साखरेला खाली येऊ देत नाहीत; औषध घ्या, दोन्ही सांभाळा, तीन महिन्यांत दात धरेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

"मग?"

"तीन महिने कसा थांबू, बाबा? महिन्यावर देवीची जत्रा आलीय."

मग त्यानं आपला नेम सांगितला. सांगताना मान जरा ताठ झाली. सकाळी कडुलिंबाची काडी, दुपारी बाभळीची, संध्याकाळी मीठ-हळद. काडी चावत बसायला सवड कुठली, म्हणून तो ती दगडानं ठेचायचा आणि खसाखसा घासायचा. रक्त आलं की घाण निघाली, अशी त्याची समजूत. गावात एवढं कोणी करत नाही, हेही सांगून झालं.

बोलता बोलता त्याची जीभ दाताला लागत होती. ढकलायची, थांबायची, पुन्हा ढकलायची. खुंटा हलवून बळकट करायची खोड आपल्या सगळ्यांनाच असते. हा बिचारा दिवसभर तेच करत होता.

बाबांनी तिळाच्या तेलाची वाटी आणली.

"तोंड भरून घे. गाल फुगू देत. खळखळवू नकोस. मी सांगेन तेव्हा थुंक."

उमाजीनं तोंड भरून घेतलं. बोलता येईना. जीभही जागच्या जागी राहिली...

बाबा पुन्हा उसाकडे वळले.

उमाजीनं आधी डोळ्यांनीच विचारलं, किती वेळ? बाबांनी उसाचं पुढचं कांडं उचललं. मग वडील आठवले. दात गेल्यावर ते संध्याकाळी सनईची पत्ती नुसती ओठांत ओली करायचे आणि परत पेटीत ठेवायचे. उमाजीला फार भीती वाटली, आणि ती सांगायला तोंड मोकळं नव्हतं. डोळे भरून आले, वाहिले, मग हळूहळू थांबले...

"थुंक."

तो थुंकला. आज रक्त नव्हतं.

"आता हलतोय का दात?"

उमाजी गोंधळला. "इतक्या वेळात... बघितलंच नाही, बाबा."

आणि लगेच त्याची जीभ वर निघाली.

बाबांनी त्याच्या ओठांवर बोट ठेवलं.

"दात राखायचाय ना, उमाजी? मग आधी त्याच्यावरचा पहारा उठव."