न ऐकणारी सून

सशांना गाण्याचं वेड लागलं होतं, त्या काळातली ही गोष्ट. माळावरचे ससे गोगलगाईच्या रिकाम्या शंखात रातकिडा बसवत आणि दोन्ही कानांत असे शंख खोचून चरत. रातकिड्यांना सगळे एकच सांगत, "अजून मोठ्यानं!"

त्या कळपात चवळी नवी सून म्हणून आली. सासूबाईंनी कौतुकानं दिलेले शंख तिनं घातले, रातकिड्यांना हळू गायला सांगितलं आणि थोड्या वेळानं काढून ठेवले.

"माहेरी गाण्याची आवड नव्हती वाटतं?" सासूबाई आताशा सगळंच ओरडून विचारत.

"आवड आहे, म्हणून तर कान जपते."

"पान? कुठलं पान?"

"कान! आणि शंख मी घालणार नाही."

चवळीची हलणारी मान बघून सासूबाईंना नकार तेवढा कळला. त्या शेजारणीला म्हणाल्या, "आमची सून मुळीच ऐकत नाही."

एका सकाळी गवतात कोल्ह्याचं पाऊल वाजलं. चवळी ओरडली, पण कुणी मान वर केली नाही. मग तिनं मागचे पाय जमिनीवर दणादणा आपटले. हादरा बसला तसे सगळे बिळांत पळाले.

आत येताच चवळीनं सासूबाईंच्या कानांतले शंख उपसले. रातकिडे उड्या मारत निघून गेले.

"अगं, यांना गप्प कर ना," सासूबाई म्हणाल्या.

"ते केव्हाच गेले, सासूबाई," चवळी त्यांच्या कानाशी ओरडली.

सासूबाईंनी दोन्ही शंख उलटे करून पाहिले; ते रिकामे होते, तरी कानांत किरकिर चालूच होती. तेवढ्यात शेजारीण डोकावली आणि खुणेनंच विचारू लागली, कोल्हा गेला का?

"हिला विचारा," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घरात ही एकटीच ऐकते."