सायकलवरचा अनवाणी

"...पण माई, नेणारा अनवाणी असावा एवढंच ना? पायीच जावं, असं कुठं सांगितलंय?"

विश्वंभरनं विचारलं आणि सायकलच्या सीटवर हात ठेवून तो उभा राहिला. प्रश्न बिनतोड आहे याची त्याला खात्री होती.

गिरिजामाई मठाच्या पायरीवर बसून शेंगा फोडत होत्या. एवढ्या मोठ्या मठाच्या त्या प्रमुख, पण शेंगा दिसल्या की त्यांना दुसरं काही सुचत नसे.

"नियम केला तेव्हा सायकल कुठं होती रे?" त्या म्हणाल्या.

"म्हणूनच विचारतो."

"हं..."

माईंनी एक दाणा तोंडात टाकला. त्यांना उत्तर सुचलं नाही, असा विश्वंभरनं त्याचा अर्थ घेतला.

मठाच्या मूळ महाराजांच्या लाकडी पादुका वर्षातून एकदा माळापलीकडच्या झऱ्यावर स्नानाला जात. नेणाऱ्यानं त्या आपल्याच उपरण्यात बांधून छातीशी धरायच्या आणि पायात काही घालायचं नाही, एवढीच रीत. आजवर तुळशीरामदादा नेत आले होते. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले. स्नान उद्या होतं आणि माईंनी अजून कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

विश्वंभरच्या मते नाव घ्यायची तरी काय गरज होती?

मठात आल्यापासून त्यानं पायात वहाण घातली नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचा त्यानंच नेम धरला होता. आसपासच्या गावांतली भिक्षेची फेरी तो सायकलवरून करी, तीही अनवाणी. उन्हाळा असो, थंडी असो, त्याचे उघडे पाय पेडलवर फिरताना लोक बघत आणि हात जोडत. काही गावांत तर त्याला अनवाणी महाराजच म्हणत. बायाबापड्या पाया पडायला आल्या की तो सायकलवरून न उतरता एक पाय जरा पुढे करी. वाकणाऱ्याला लांब पडायला नको!

आणि माईंच्या पायात टायरच्या तळाच्या जाडजूड वहाणा. मठाच्या प्रमुखांच्या! ते त्याला मनातून खुपायचं.

आज त्यानं विचारूनच टाकलं.

"माई, राग मानू नका. तुम्ही वहाणा का घालता?"

"काटे असतात."

...

इतकं साधं उत्तर गुरूच्या तोंडून यावं याचं विश्वंभरला वाईट वाटलं. काहीतरी गहन ऐकायची तयारी करून तो उभा होता.

"सायकलला काट्यांचं काय भय, माई? उलट वहाणच घात करते. पेडलवरून सटकते, तिचा पट्टा चेनमध्ये अडकतो. अनवाणी पायाचं तसं नाही. बोटं पेडल धरून ठेवतात. वारा लागतो, तळवा गार राहतो. उतारावर तर असं वाटतं की सायकल आपल्या पायातूनच फुटलीय. एकदा सवय झाली की याच्याइतकं सुखाचं आणि बिनधोक दुसरं काही नाही."

"पडला नाहीस कधी?"

"अजून तरी नाही."

हे खरं होतं. विश्वंभर सायकल चालवायचा फार देखणी. तेवढा मान त्याला द्यायलाच हवा.

माईंनी टरफलं झटकली आणि त्या उठल्या.

"चल, मला झऱ्यापर्यंत सोड. पाणी आहे का ते बघून येऊ."

विश्वंभरची छाती फुगली. उद्याच्या वाटेवर आज माई आपल्या सायकलवर! आणखी काय पाहिजे होतं?

माई कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसल्या. सायकल फाटकातून बाहेर पडली. पारावर बसलेली मंडळी उठून उभी राहिली. विश्वंभरनं मुद्दाम वेग कमी केला.

"लवकर चल," माई मागून म्हणाल्या, "ऊन चढतंय."

गाव संपलं, माळ लागला. पायवाट बरी होती. पण पावसाळा सरून गेलेला, दोन्ही बाजूंना सराट्याचे वेल वाळून पडलेले आणि त्यांचे तिकाटी काटे सगळीकडे पसरलेले. विश्वंभर त्यांच्यामधून सुरेख वाट काढत होता.

"कळतंय का, माई? धक्का बसतोय?"

"नाही बसत. छान चालवतोस."

तो खूश झाला. पुढं उतार लागला, तेव्हा त्यानं पाय मारायचं थांबवून सायकल मोकळी सोडली. कानात वारा भरला. उद्या असंच जायचं, छातीशी पादुका धरून, आणि माळाच्या दोन्ही कडांना माणसं उभी... त्याच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं.

"विश्वंभरा, करडू!"

वाटेच्या मधोमध शेळीचं एक पिल्लू अंग मुडपून बसलं होतं. आपल्याकडे कोण येतंय याची त्याला फिकीर नव्हती.

विश्वंभरनं ब्रेक दाबला. ब्रेकची रबरं झिजलेली. सायकल कुरकुरली, पण थांबेना.

"पाय टेकव!"

त्यानं खाली पाहिलं. वाटेच्या कडेला सराटेच सराटे.

पाय पेडलवरून निघेना.

"अरे, टेकव की!"

पाय निघालाच नाही. बोटांनी पेडल आणखी घट्ट धरलं.

मग मागून खर्रर्र आवाज आला. माईंनी आपले दोन्ही पाय जमिनीत रोवले होते. सायकल घसटत गेली, कलली आणि करडापासून हातभर अंतरावर थांबली. करडू उठलं, एकदा ओरडलं आणि आईकडे पळालं.

माई उभ्या होत्या. एका वहाणेचा अंगठा तुटून लोंबत होता.

...

"का नाही टेकवलास?"

विश्वंभरचे पाय अजूनही पेडलवरच होते. सायकल माईंनी धरली होती, म्हणून तो पडला नव्हता.

"काटे होते, माई."

माईंनी मान हलवली. त्या ना रागावल्या, ना हसल्या. हसल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी दोन्ही वहाणा काढून वाटेत ठेवल्या.

"झरा लांब नाही आता. मी चालत जाते. तू ये सायकलवरून."

आणि त्या निघाल्यासुद्धा. सराट्यातून सरळ, अंगणातून चालावं तशा.

गुरू पायी आणि शिष्य सायकलवर, हे काही व्हायचं नव्हतं. विश्वंभर उतरला. पहिल्याच पावलाला तीन काटे घुसले. त्यानं पाय झटकून दुसरा टेकवला, तर त्यात चार. सायकलचा आधार घेऊन तो एका पायावर नाचत होता, तेवढ्यात पुढच्या चाकातून सुसकारा निघाला आणि चाक जमिनीला बसलं.

सायकल बाभळीला टेकवून तो दगडावर बसला. तळवा उलटा करून पाहिला. गोरा, मऊ, लहान मुलाच्या तळव्यासारखा. इतक्या वर्षांत या पायांनी पेडल, फरशी आणि वाकलेल्या माणसांची कपाळं यांच्याखेरीज कशाला स्पर्श केला होता? त्याला हिशेब लागेना आणि तोंडावर ऊन नसतानाही चेहरा तापला.

माई परत फिरून त्याच्यापाशी आल्या. त्यांनी टाच दगडावर ठेवून एक काटा बोटानं टिचकी मारून उडवला. तळवा नांगरलेल्या शेतासारखा होता.

"वहाणा घालणाऱ्या माणसाचा तळवा असा कसा, माई?"

"वहाणा कधी मिळाल्या ते विचार की."

"कधी?"

"लग्न झाल्यावर. तोवर अनवाणीच. नेम नव्हता रे... वहाण नव्हती."

विश्वंभरला मान वर करवेना.

"माई, उद्याचं मी बोललो ते मागं घेतो."

"बरं."

त्या एवढंच म्हणाल्या. नको रे, असं का बोलतोस, असं काहीतरी त्या म्हणतील अशी एक वेडी आशा त्याच्या मनात होती. तीही गेली. गेली तेव्हा दुखलं, सराट्यापेक्षा जास्त.

"तू बस इथंच. मी झरा बघून येते. मग मठातून कुणाला तरी वहाणा घेऊन पाठवते."

माई चार पावलं गेल्या.

"माई, थांबा. मी येतो."

"कशाला?"



उद्याचं तर सरलंच होतं आणि बघायला माळावर चिटपाखरू नव्हतं. पण इथं दगडावर बसून राहणं त्याला जमेना. तो उठला. वाटेत माईंच्या वहाणा पडल्या होत्या. तुटक्या असल्या तरी गुरूच्या, टाकून कशा जायच्या? त्यानं त्या उचलल्या. काटे काढायला हात मोकळे हवेत, म्हणून उपरण्यात गुंडाळल्या आणि गाठ मारून उपरणं गळ्यात अडकवलं.

चालू लागला.

सुरुवातीला प्रत्येक पावलाला तो ओरडला. नंतर दात खाऊन चालला. पुढं पुढं कुठला काटा ताजा आणि कुठला जुना, तेही कळेना. माई एकदाही थांबल्या नाहीत आणि एकदाही पुढं निघून गेल्या नाहीत.

झऱ्याला पाणी होतं. माई ओंजळ भरून पाणी प्यायल्या, तोही प्यायला. पाय पाण्यात सोडायचा मोह त्याला झाला, पण उद्या तिथं पादुकांचं स्नान होतं. तसेच पाय घेऊन तो माघारी वळला.

परतीची वाट दुप्पट लांब झाली होती.

गावाच्या तोंडाशी पारावर मंडळी तशीच बसली होती. एक म्हातारी लगबगीनं उठली, पाया पडायला वाकली आणि ते लालभडक पाय बघून तिथंच थबकली. विश्वंभरला ती दिसलीच नाही. पुढचं पाऊल कुठं टाकायचं, एवढंच तो बघत होता. तोल जाऊ नये म्हणून त्यानं गळ्यातलं गाठोडं एका हातानं छातीशी आवळून धरलं होतं.

मठाच्या पायरीवर तुळशीरामदादा गुडघे चोळत बसले होते. माईंना बघून ते कसेबसे उठले.

"माई, दुपार झाली. उद्याची तयारी करायची तर नाव तरी सांगा. पादुका कोण नेणार?"

माई पायरीवर टेकल्या. अर्धवट राहिलेल्या शेंगांची टोपली त्यांनी पुढ्यात ओढली.

विश्वंभर फाटकापाशी पोचला होता. एका पायावर उभा राहून तो काटा उपटत होता. दादांचा प्रश्न त्याच्या कानावर पडला. तो ऐकून छाती फुगली नाही, हेही त्याला आत्ता कळलं नाही. काटा खोल होता.

माईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या छातीशी धरलेल्या उपरण्याकडे.

"नेणार कोण, काय विचारतोस, तुळशीराम?" त्या म्हणाल्या आणि शेंग फोडली. "आणतोय बघ तो."