झाकणे फोडणाऱ्या माश्या

ऐनाच्या एका जुन्या झाडाच्या ढोलीत मधमाश्यांचे पोळे होते. तिथल्या राणीने, मुलांनो, एकाशी नव्हे, चांगल्या बारा नरांशी लग्न लावले होते! त्यामुळे साऱ्या जणींची आई एक, पण बाप बारा. कुणी सोनेरी, कुणी काळसर, कुणी पट्ट्यापट्ट्यांच्या. म्हातारी दाईमाशी या प्रकाराला वैतागली होती. "समोरच्या ढोलीत बघा, सगळ्या कशा एका बापाच्या, एका साच्यातल्या! आमच्याकडे नुसता बाजार."

तिचा खरा राग काळसर माश्यांवर. अळ्यांच्या कप्प्यांवर मेणाचे झाकण लावायची तिथली रीत. या पोरी हुंगत हुंगत यायच्या, एखादे झाकण फोडायच्या आणि खुशाल निघून जायच्या! दाई आत न बघताच ते लगोलग पुन्हा लिंपायची. "आता एक जरी झाकण फुटलं, तर ढोलीबाहेर काढीन," तिने बजावले.

एके दिवशी समोरच्या ढोलीतली ये-जा थांबली. अळ्या सडवणारा रोग शिरला आणि आठ दिवसांत ते देखणे पोळे ओस पडले. मग इकडे दडून असलेला तो रोगही पसरू लागला. दाईला कसलाच वास येईना. पण एक काळसर माशी झाकणावर जाऊन बसली. "दाईआजी, आतली अळी सडली आहे. मला खुशाल हाकला, पण हे मी फोडणारच!"

झाकण फुटले. आत खरोखरच सडकी अळी! ती ओढून काढणे मात्र काळसर माशीला जमेना. तेवढ्यात पट्टेवाल्या धावल्या. झाकणाआडचे त्यांना कळत नसे, पण उघडी घाण दिसली की राहवत नसे. त्यांनी अळी ओढत नेली आणि ढोलीबाहेर फेकली. दाईने रिकाम्या कप्प्यात डोकावले. "अगं बाई! म्हणजे इतके दिवस मीच रोग लिंपून ठेवत होते!" मग ती काळसर माशीजवळ गेली आणि म्हणाली, "मला वास येत नाही गं. तू दाखव, मी फोडते."

चार दिवस कुणी विसावा घेतला नाही. पोळे वाचले. पुढे नवी राणी लग्नाला निघाली, तेव्हा दाई दारातून ओरडली, "पोरी, एकावर थांबू नकोस हं! बारा तरी कर!"

तात्पर्य : सगळे एकसारखे असले की घर नीटनेटके दिसते, पण संकटात ते तगते निरनिराळ्यांमुळेच.