दाराआडची कुस्ती

माळेगिरीच्या जत्रेत दुकानांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरत. कारभारी राघोपंत त्या कचेरीत, दार लावून उचलत. वडाखालची जागा दरसाल त्यांच्या मेहुण्यालाच मिळे, अन् साळूबाई कुंभारणीच्या नशिबी गुरांची वाट. गेल्या साली बैलांनी तिचे निम्मे माठ फोडले. यंदाही तीच जागा निघाली, तशी ती तडक आखाड्यात, कुस्ती बघायला बसलेल्या राजेसाहेबांपुढे जाऊन उभी राहिली आणि चिठ्ठ्या उघड्यावर उचला म्हणाली.

राजेसाहेबांशेजारी बसलेले राघोपंत खेकसले, "चिठ्ठी देवाच्या मर्जीनं निघते! उघड्यावर उचलली काय न् दाराआड उचलली काय, फरक काय पडतो?"

"खरंय पंत," साळूबाई म्हणाली. "मग सरकार, आजची कुस्तीही कचेरीत दार लावूनच होऊ द्या. तुमचा पैलवान जिंकला की हरला, ते पंत बाहेर येऊन सांगतील."

कुस्तीपायी जेवण विसरणारे राजेसाहेब दचकले. "म्हणजे आम्ही बघायचंच नाही?"

"आमची एवढी वर्षं तशीच गेली, सरकार."

राजेसाहेब खो खो हसले आणि त्यांनी चिठ्ठ्या तिथेच, सगळ्यांदेखत पुन्हा टाकायला लावल्या. गुरांची वाट मेहुण्याला गेली. साळूबाईला वड नाहीच मिळाला, विहिरीजवळचं ऊन मिळालं. पण ती खुशीत माठ मांडायला निघाली. या खेपेला चिठ्ठी उचलली जाताना तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.