साहेबांचं लॉगआउट

जलमंडळाचा सर्व्हर सोमवारी नव्या डोमेनवर, म्हणजे नव्या पत्त्यावर गेला आणि डोंगरातल्या चिंचखोरे केंद्रावरच्या हिंगमिरेबाई चक्रावून गेल्या. पाणीतपासणीचा अहवाल भरायला बसलं की पडद्यावर एकच ओळ यायची : नाव किंवा पासवर्ड चुकीचा. आठ वर्षं तेच नाव, तोच पासवर्ड! बाईंना आपल्याच बोटांचा संशय येऊ लागला. शनिवारच्या बैठकीसाठी जिल्ह्याच्या कार्यालयात बोलावणं आलं, सोबत नोटीसही. अहवाल न पाठवल्याबद्दल निलंबित का करू नये, याचा लेखी खुलासा त्या नोटिशीवरच द्यायचा होता.

संगणक विभागाचे प्रमुख धनेश्वर साहेब भर बैठकीत गरजले, "सर्व्हर ठणठणीत आहे! हे बघा, माझं सगळं उघडतंय. चूक तुमच्या हाताची आहे, बाई!"

भिंतीवरच्या पडद्यावर खरंच सगळं उघडत होतं. बाई आणखीच गोंधळल्या. मग त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे लिहिलं होतं : लॉगइन करून नऊ दिवस. सर्व्हर बदलून तर पाचच दिवस झाले होते.

"साहेब, एकदा लॉगआउट करून परत आत जाऊन दाखवा ना. बघून शिकते मी."

साहेबांनी ऐटीत लॉगआउट केलं आणि पासवर्ड टाकला. नाव किंवा पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. चौथ्या खेपेला खातंच बंद पडलं. बैठकीत सगळे आपापल्या चहाच्या कपात बघू लागले.

बाईंनी पिशवीतून नोटीस काढली आणि पेनासकट साहेबांपुढे सरकवली.

"तुमच्या हाताचं काय चुकलं, तेवढं यावर लिहा, साहेब. तोच माझा खुलासा."