पहिला दोर

चिंचेच्या फांदीवर लोंबणाऱ्या त्या दोराची किंमत विचारू नका, पाहुणे. तो विकायचा नाही. हंगामातला पहिला दोर आम्ही विकतच नाही. खाली कुजत पडलेत ना, तेही सगळे पहिलेच.

त्या काळी आमच्या फिलिपिन्सवर स्पेनचे राज्य होते. आबाका म्हणजे केळीसारखे झाड. त्याच्या सोपटातून वाख काढून दोर वळायचे. इथला सगळा कारखाना डॉन युलालियोचा. माणूस गडगंज, पण नवा दोर स्वतःच्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय वखारीबाहेर सोडायचा नाही. सरकारी जहाजांना तोच दोर पुरवी, आणि त्याच दोरांच्या वेटोळ्यांत लपवून बंडवाल्यांना बंदुका पोचवी, असे सांगतात. गाव त्याला सरकारचा हुजऱ्या म्हणायचे. आमचेच गाव, दुसरे कोण!

एके दिवशी बिंग फुटले. याच झाडाला, याच्याच कारखान्याच्या दोराने फाशी द्या, असा स्पॅनिश कप्तानाने हुकूम सोडला. दोर वळायचे काम आले तिबुर्स्यो मुकादमाकडे. फाशीचा दोर तुटला तर कैद्याला देवाने सोडवले असे मानायची रीत होती म्हणे. म्हणून तिबुर्स्योने आणि त्याच्या माणसांनी एक पेड कुजक्या वाखाचा घातला आणि वरून चांगला वाख चढवला.

फाशीच्या दिवशी सारे गाव या चिंचेखाली जमले. तेवढ्यात कप्तान ओरडला, "दोर तुटला, तर वळणाऱ्या सगळ्यांना इथंच गोळ्या घालीन!"

 दोर कुजका आहे हे आता तिबुर्स्योला सांगायचीही सोय उरली नव्हती.

दोर गळ्यात पडला. डॉनचे हात पुढे बांधलेले. सवयीने त्याचा अंगठा दोरावरून फिरला आणि एका जागी थांबला. त्याने तिबुर्स्योकडे एकदाच पाहिले.

"हा बदला," तो मोठ्याने म्हणाला. "मीच बाद केलेला जुना माल आहे हा. या लोकांना काय कळतंय! वखारीतला जहाजाचा दोर आणा."

 सुटकेचा दोर कुणी आपल्या हाताने परत करतो का? आणि तो दुसरा दोर आणायला कप्तानाने धाडले कुणाला, तर तिबुर्स्योलाच. त्याने आणला. तो दोर पक्का होता.

तिबुर्स्यो माझा खापरपणजोबा.

आजही हंगामातल्या पहिल्या दोरावर गावातला वडीलधारा अंगठा फिरवतो आणि "बदला" म्हणतो. मग तो दोर इथे टांगतात. यंदा पाळी माझी होती. दोरात काही खोट नव्हती. तरी मी "बदला" म्हणालो, आणि तो माझ्याच हाताने या फांदीला टांगला.