सातविणीच्या दोन बाजू

ऐका. फार जुन्या काळी, नद्यांना अजून आजची नावं पडली नव्हती तेव्हा, एका राजाने राजधानीच्या वेशीबाहेर झाडांची मोठी बाग लावली. डोंगरातली, खाडीकाठची, माळरानावरची, राज्यात जितक्या जातींची झाडं होती तितकी त्याने तिथे आणवली. बागेला फाटक होतं, पण त्याला कडी नव्हती. कोणीही यावं आणि हवं तितका वेळ बसावं.

लोक बाराही महिने येत, पण खरी गर्दी व्हायची ती शरदात. पाऊस सरलेला असायचा. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं दिसायचं. तळ्यात कमळं, बांधावर तेरडा, वाटांवर पारिजातकाचा सडा. बायका शिदोऱ्या सोडून बसायच्या, म्हातारी माणसं उन्हाला पाठ देऊन गप्पा मारायची, पोरं चतुरांच्या मागे धावायची. उन्हं कलली की बागेच्या टोकाला असलेल्या सातविणीचा वास सुटायचा आणि घरी निघालेली माणसं पुन्हा थोडी रेंगाळायची.

त्या सातविणीखाली दर शरदात दोन माणसं येऊन बसत. खोडाच्या एका बाजूला केरू आणि दुसऱ्या बाजूला साळू. दोघं सख्खी भावंडं होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती.

त्याचं असं झालं होतं. ज्या वर्षी राजाने बाग लावली, त्याच वर्षी राजधानीला पाणी मिळावं म्हणून त्याने एक मोठा तलाव बांधायला घेतला. दोन डोंगरांमधलं एक गाव त्या पाण्यात जाणार होतं. राजा काही वाईट नव्हता. त्याने गावकऱ्यांना दुसरीकडे जमिनी दिल्या, आणि चावडीसमोरचं सातविणीचं रोप मातीसकट उचलून आपल्या बागेत लावून घेतलं. त्या गावाचं तेवढंच काय ते पाण्याबाहेर उरलं.

केरू आणि साळू त्याच गावचे. त्यांची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. पाणी शिवारात शिरलं, तसं केरूने बैलगाडी जुंपली.

साळू म्हणाली, "दादा, तिला हलवू नकोस. तिला ही वाट सोसायची नाही. चार दिवस थांब, तिचे डोळे इथंच मिटू देत."

केरू म्हणाला, "आणि पाणी उंबऱ्याशी आलं म्हणजे? तेव्हा तिला कुठं नेऊ?"

त्याने आईला उचलून गाडीत ठेवलं. घाट चढता चढता आईने प्राण सोडला.

साळू रडली नाही. भावाकडे बघून ती म्हणाली, "आईला तू मारलंस."

केरूही तेव्हा दुःखाने वेडापिसा झाला होता. तो म्हणाला, "तू तर तिला बुडवणार होतीस."

दोघांनाही ठाऊक होतं की आपण बोललो ते खरं नाही. पण बोललेलं कोणी मागे घेतलं नाही. केरूला जमीन मिळाली उत्तरेला; साळूचं सासरही त्याच गावातलं, त्यांना मिळाली दक्षिणेला. गाव पाण्याखाली गेलं आणि बोलणं तिथेच थांबलं.

भाऊबीजेला साळू निरांजन घेऊन अंगणात यायची आणि चंद्राला ओवाळायची. शेजारणी विचारायच्या, "तुला भाऊ नाही का गं?" ती म्हणायची, "आहे. लांब आहे."

पण शरद आला, आकाश निवळलं, की तिला गावची आठवण सोसायची नाही. ती भाकरी बांधून निघायची आणि बागेत येऊन सातविणीखाली बसायची. खोडाला पाठ लावून डोळे मिटले की चावडी दिसायची, पाणवठा दिसायचा. पलीकडच्या बाजूला केरूही तसाच बसलेला असायचा. दोघांच्या मध्ये फक्त खोड. झाड लहान होतं तेव्हा पाठीला पाठ लागेल इतकी ती जवळ असत. झाड वाढत गेलं, तसं अंतरही वाढत गेलं.

एका शरदात साळूला खोकल्याची ढास लागली. ती थांबेना. तेवढ्यात खोडाच्या कडेने एक हात पुढे आला आणि पाण्याचा तांब्या ठेवून मागे गेला. साळू पाणी प्यायली. तांब्या होता तिथे परत ठेवला. तिच्या ओठांवर 'दादा' आलं होतं. पण तिच्या मनाने घेतलं, की तांब्या देता येतो, तर एक शब्द देता येत नाही? ती उठली आणि निघून गेली.

बागेतला माळी हे वर्षानुवर्षं बघत होता. एकदा तो तिला म्हणाला, "बाई, पलीकडचे गृहस्थ दरवेळी मला विचारतात, ती आली का, बरी दिसते का."

"मग मलाच का नाही विचारत?"

"तेही तुमच्यासारखंच म्हणतात. म्हणतात, तीच का नाही बोलत? आता मी झाडांना पाणी घालू, का तुमचे निरोप पोचवत बसू?"

त्या दिवशी साळूला घरी जाताना वाट सुधरेना. तिने मनाशी ठरवलं, पुढच्या शरदात आपण आधी बोलायचं. कोण मोठं, कोण धाकटं, कोणाचं चुकलं, काही बघायचं नाही.

पण पुढच्या शरदात तिचा नवरा आजारी पडला. त्याच्या पुढच्या शरदात तो गेला. मग सुनेचं बाळंतपण निघालं. सातवीण फुलत राहिली आणि साळूला निघता येईना. ती मनाशी म्हणायची, दादा कुठं पळून जातोय? झाड आहे तिथं आहे, दादाही असेल.

अखेर एका वर्षी ती आली. केस पांढरे झाले होते, हातात काठी होती. बाग तशीच होती. तळ्याकाठी लोक हसत होते, एक नवी नवरी नवऱ्याला कमळ दाखवत होती. सातविणीचा वास सुटला होता. साळू आपल्या बाजूला बसली नाही. खोडाला वळसा घालून ती पलीकडे गेली.

केरू बसला होता. अगदी वाळून गेला होता. शेजारी त्याची लेक होती.

"दादा," साळूने हाक मारली.

केरूने वर बघितलं आणि सरकून जागा करून दिली. "बसा बाई. वास छान सुटलाय."

साळूला वाटलं, अजून राग गेलेला नाही, म्हणून हा असं परक्यासारखं बोलतोय. ती समोर बसली.

"दादा, माझं चुकलं. आई तुझ्यामुळे गेली नाही. तिचं आयुष्य तेवढंच होतं. मला तेव्हाही ते कळत होतं."

केरूने तिचं बोलणं नीट ऐकून घेतलं. मग हळुवारपणे म्हणाला, "तुमची आई गेली का? वाईट झालं हो."

साळूने वळून त्याच्या लेकीकडे बघितलं. लेकीने तिचा हात धरला.

"तुम्ही साळूआत्या ना? आत्या, बाबांना आता काही आठवत नाही. मला सुद्धा ओळखत नाहीत. पण हे दिवस आले की बागेत चला म्हणून हट्ट धरतात."

केरू साळूला सांगू लागला, "माझी बहीण येते इथं. त्या पलीकडच्या अंगाला बसते. म्हणून मी इथं बसतो."

साळूने विचारलं, "मग तिला हाक का नाही मारत?"

"मारली असती. पण ती उठून गेली तर? एवढी येते, तेवढंही बंद व्हायचं. बोलेल एखाद्या वर्षी."

"दादा, अरे मीच साळू."

केरूने तिच्या चेहऱ्याकडे खूप वेळ बघितलं. मग समजूत घालावी तशी मान हलवली.

"नाही हो बाई. साळू माझ्याशी बोलत नाही."

त्यानंतर साळू दर शरदात आली, त्याच्याच शेजारी बसली, त्याच्याशी गावाच्या गोष्टी बोलली. तो आवडीने ऐकायचा आणि परक्या बाईने इतकी माया करावी याचं नवल करायचा. मधूनच खोडाच्या पलीकडे वाकून बघायचा आणि म्हणायचा, "आज आली नाही वाटतं." असाच एका वर्षी तो गेला. बहीण शेजारी असताना, बहिणीची वाट बघत.

म्हणून सांगणं एवढंच, आपलं माणूस आपल्याला ओळखतं आहे, तोवरच त्याच्याशी बोलून घ्यावं.